आत्याची नवी बॉडी

कॅमेऱ्याच्या दुकानातली भाषा बाहेरच्या माणसाला ऐकवत नाही. ‘बॉडी आली का?’, ‘बॉडी जुनी आहे, पण आतून स्वच्छ आहे’, ‘बॉडी ठेवून जा, संध्याकाळपर्यंत उघडून बघतो’ अशी वाक्ये मालक टेलिफोनवर इतक्या निर्विकारपणे उच्चारत, की एकदा शेजारच्या चष्म्याच्या दुकानात आलेली एक वृद्ध बाई हातातली फ्रेम तशीच टाकून निघून गेली होती. लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा म्हणजे बॉडी, एवढाच त्याचा अर्थ. पंडितला मात्र तो शब्द कधी विनोदी वाटला नाही. लेन्स काढलेल्या कॅमेऱ्याच्या त्या काळ्या, गोल, उघड्या तोंडात डोकावले की त्याला वाटे, हे काहीतरी पाहायला आसुसलेले आहे आणि त्याला डोळा देण्याचे काम आपल्याकडे आले आहे.

पंडित हे त्याचे खरे नाव नव्हे. ते मालकांनी ठेवले आणि घरच्यांनी आनंदाने उचलले. कोणती बॉडी सेकंदाला किती फोटो काढते, किती फोटोंनंतर तिला धाप लागते, अंधारात तिला कुठवर दिसते, हे सगळे त्याला पाढ्यांसारखे पाठ होते. चौतीस वर्षांचा हा माणूस अकरा वर्षे त्याच काउंटरमागे उभा होता, आणि तेवढ्या काळात त्याने क्वचितच एखाद्या गिऱ्हाइकाचा चेहरा नीट पाहिला असेल. बोलताना त्याची नजर समोरच्याच्या हातातल्या कॅमेऱ्यावर खिळलेली असे. माणसे त्याला आवडत. फक्त ती समोर आली की कुठे पाहावे, ते त्याला समजत नसे.

आत्यावर त्याचा जीव होता, पण तिच्याकडेही तो पाहत नसे. तो तिने काढलेल्या फोटोंकडे पाहत असे.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. वय सहासष्ट. अठ्ठावीस वर्षे तिने एका दैनिकासाठी खेळांचे फोटो काढले होते. मैदानाच्या कडेला, लाकडी खोक्यावर बसून, उन्हात आणि चिखलात. दुकानाच्या भिंतीवर तिचा एक फोटो होता. अडथळ्यांच्या शर्यतीतली एक मुलगी अडथळ्यावरून झेपावते आहे, तिचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले आहेत, आणि बुटाची सुटलेली नाडी हवेत वळून एखाद्या वेलीसारखी तिच्या पोटरीकडे निघाली आहे. तो फोटो घेतला तेव्हा रोलमध्ये एकच फ्रेम उरली होती. “एकच होती म्हणून आला,” आत्या सांगत असे. “दोन असत्या तर पहिली मी घाईत घालवली असती.” हे वाक्य पंडितने लहानपणी ऐकले होते, आणि मोठेपणी सेकंदाला तीस फोटो काढणाऱ्या बॉड्या विकताना ते त्याच्या मनात कुठेतरी बारीकसे दुखत राही.

निवृत्त झाल्यावर आत्या गावाबाहेरच्या तळ्याकडे वळली. तिथे तुरेवाल्या पाणडुब्यांची जोडपी येत. वसंतात ही जोडी चोचीत पाणगवत धरते, छातीला छाती भिडवून पाण्यावर ताठ उभी राहते, आणि पाय मारत काही क्षण तशीच तरंगते. जणू दोघांनी मिळून पाण्याला जमीन मानायचे ठरवले आहे. पाचसहा सेकंदांचा हा नाच. सहा वसंत आत्या त्याच्या मागावर होती. कधी जोडी काठच्या बोरूंच्या उंच गवताआड उठली, कधी पाठमोरी उठली, एकदा तर सोबत आलेल्या आतोबांना शिंक आली.

सातव्या वसंताच्या तोंडावर तिच्या जुन्या बॉडीतला आरसा निखळला. मालकांनी ती उघडून पाहिली आणि हलक्या हाताने पुन्हा मिटली. तिचे सुटे भाग आता कुठेच बनत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी आत्या आणि आतोबा दुकानाची पायरी चढले.

“या वयात नवी बॉडी मिळते म्हणे तुमच्याकडे,” आतोबा आत येताच म्हणाले. ते निवृत्त दंतवैद्य. चाळीस वर्षे बायकोची तिपाई उचलत आणि चाळीस वर्षे त्याबद्दल कुरकुरत आले होते. “मग दोन काढ. एक हिला, एक मला. नुसते गुडघे बदलून दिलेस तरी चालेल.”

“तुमची बॉडी एक्स्चेंजमध्येसुद्धा कोणी घेणार नाही,” आत्या म्हणाली. “हं, दाखव रे पंडित. काय आहे?”

पंडितने मखमलीच्या तुकड्यावर दोन बॉड्या ठेवल्या. दोन दिवस तो याच दोघींवर येऊन थांबला होता. एक वापरलेली, जड, आत्याच्या जुन्या बॉडीची धाकटी बहीण शोभेल अशी. आत आरसा, सेकंदाला दहा फोटो, आणि प्रत्येक फोटोला खटका. दुसरी कोरी करकरीत, आरसा नसलेली, पहिलीच्या निम्म्या वजनाची.

“दोघी आ करून बसल्यात,” आतोबांनी वाकून पाहिले. “कीड दिसत नाही कुठे.”

“ही नवी सेकंदाला तीस काढते,” पंडित बॉडीकडे पाहत सांगू लागला. त्याचा आवाज आकडे आले की स्थिर होत असे. “आवाज अजिबात नाही. पक्ष्याचा डोळा स्वतः शोधते आणि एकदा सापडला की सोडत नाही. बोरूंमधून गेला तरी.”

“मग मी काय करायचं?”

“तू… बटण दाबायचं.”

“उपकार झाले.”

“आणि आत्या, अजून एक आहे. बटण अर्धं दाबून ठेवलंस, तर पूर्ण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंदही ही सांभाळून ठेवते. म्हणजे पक्षी उडून गेल्यावर दाबलं, तरी उडतानाचा फोटो मिळतो.”

आत्याने ती बॉडी हातात घेतली, उलटसुलट केली. “थोडक्यात, मी चुकले तरी फोटो बरोबर.”

“हो.”

“मी दाबण्याआधी काढलेला फोटो तिचा. तो तिनेच फ्रेम करून लावावा. ते बंद करून टाक.”

“बाई, आता सगळे हेच वापरतात हो,” मालक गल्ल्यामागून म्हणाले.

“वापरू देत. मला उशीर झाला तर झाला. निदान तो माझा उशीर असेल.”

पंडितला त्या क्षणी वाटले, हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवावे. लिहून ठेवण्याऐवजी त्याने लेन्सचे झाकण दोनदा पुसले.

आत्याने दोन्ही बॉड्या डोळ्याला लावून रस्त्यावरच्या सायकली टिपून पाहिल्या. जड बॉडीचा खटका ऐकून ती हसली, पण खांदा चोळत तिने ती खाली ठेवली. खांद्याने निर्णय दिला. नवी घ्यायची ठरली.

ज्याला कौतुकाचे दोन शब्द तोंडाने बोलता येत नाहीत, असा माणूस जे करतो तेच पंडितने केले. आतोबा आणि मालक गप्पा मारत असताना तो त्या बॉडीच्या मेनूच्या खोल पोटात शिरला आणि एकेक गोष्ट आत्यासाठी लावू लागला. अक्षरे मोठी केली. आवाज बंद केला. दाबण्याआधीचा तो अर्धा सेकंद बंद केला. सर्वांत शेवटी, बक्षीस द्यावे तशी, त्याने एक सोय चालू केली: व्ह्यूफाइंडरला डोळा लावून पाहत असतानाही मागच्या पडद्यावर अंगठा ठेवला की फोकसचा चौकोन तिथे जाईल. जुन्या बॉडीत त्यासाठी बारीकसे बटण होते, आणि आत्याच्या अंगठ्याचा सांधा दुखतो हे त्याला ठाऊक होते.

“चौकोन इकडेतिकडे पळाला तर घाबरू नकोस,” त्याने बॉडी तिच्या हाती देताना सांगितले. “तो आपला आपण शोधत असतो. त्याच्यावर सोड.”

“सोडलं,” आत्या म्हणाली.

पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. फोकस बोरूंवर बसतोय. पंडितने दोन सेटिंगे सांगितली. दुसऱ्या आठवड्यात आला: अजून बोरूंवरच, कधी पाण्यावर. पंडितने आणखी दोन सांगितली. तिसऱ्या आठवड्यात फोन आलाच नाही, आणि न आलेल्या फोनचे ओझे त्याच्या छातीवर दिवसभर राहू लागले. संध्याकाळी दुकान आवरताना त्याची नजर त्या नाडी सुटलेल्या मुलीकडे जाई आणि तो दिवा जरा लवकरच मालवी.

शनिवारी सकाळी दोघे आले. आतोबा विनोद न करता पायरी चढले. त्यांनी मोठी लेन्स काउंटरवर ठेवली; आत्याची ती भलीमोठी, कडा झिजून पांढऱ्या पडलेली लेन्स. शेजारी नवी बॉडी.

“विकून टाक दोन्ही,” आत्या म्हणाली.

“आत्या, बॉडीत दोष असेल तर—”

“बॉडीत काही नाही. यांनी काढले तर बरोबर येतात. शेजारणीने काढले तर येतात. मी काढले की नाही येत.” ती हे इतक्या सरळ आवाजात बोलली, की तो ऐकणे कठीण झाले. “काल जोडी उठली. समोर, माझ्या पुढ्यात, कोवळ्या उन्हात. सहा वर्षं वाट पाहिली ना, तसंच. आणि मी काय काढलं, तर बोरू. एकेक पातं मोजून घ्यावं इतके स्पष्ट बोरू, आणि पुढे दोन धुकट डाग. हात गेला माझा, पंडित. होतं असं. धावणाऱ्यांचे पाय जातात, आमचा हात जातो.”

“मी हिला म्हटलं, आणखी आठवडाभर बघ,” आतोबा हळूच म्हणाले.

“काय बघू? चला.”

ती गेली. मालकांनी नि:श्वास टाकला, लेन्सला एक चिठ्ठी बांधली, तिच्यावर ‘वापरलेली, स्थिती उत्तम’ असे लिहिले आणि ती दर्शनी कपाटात ठेवली. दुपारपर्यंत एका गिऱ्हाइकाने फोनवर ती राखूनही ठेवली; सोमवारी अकराला तो बघायला येणार होता.

पंडितकडे बॉडी आली, पुसून जुन्यांच्या फळीवर ठेवण्यासाठी.

अकरा वर्षांत त्याने हजारो पडदे पुसले होते. चेहरा न पाहणाऱ्या त्या माणसाला माणसांची ओळख पडद्यावरच्या डागांतून होत असे. कोणाच्या गालाची तेलकट चंद्रकोर, कोणाच्या अंगठ्याचा घासलेला मार्ग, कोणा घाईच्या माणसाच्या कपाळाचा घाम. नाकाचा डाग बहुधा पडद्याच्या डाव्या कडेला, काठावर लोंबकळत असे, कारण बहुतेक माणसे उजवा डोळा लावतात आणि नाक बॉडीच्या बाहेर जाते. त्याने सवयीने बॉडी तिरपी करून उजेडात धरली आणि कापड उचलले.

डाग उजवीकडे होता. मध्यापासून थोडा खाली, अंगठ्याच्या जागेपासून दूर. पांढरट, गोलसर, ठसठशीत. उन्हात लावायच्या मलमाचा. त्याखाली तसाच आणखी एक, आणि त्याखाली पुसट असे कितीतरी, जणू एकाच जागी कोणी पुन:पुन्हा टेकून गेले होते.

त्याने कापड खाली ठेवले.

कार्ड आतच होते. त्याने संगणकावर फोटो उघडले, आणि प्रत्येक फोटोत फोकसचा चौकोन कुठे होता ते दाखवणारी खूण चालू केली. पक्षी डावीकडे असो, मध्यभागी असो, आकाशात असो. चौकोन उजवीकडे, मध्यापासून थोडा खाली. नऊशे फोटो. दरवेळी आत्याने कॅमेरा डोळ्याशी नेला होता, दरवेळी तिच्या नाकाने पडद्याला स्पर्श केला होता, आणि कॅमेऱ्याने इमानेइतबारे तो हुकूम मानून फोकस बोरूंत नेला होता.

आत्या डावा डोळा लावत होती. आयुष्यभर लावत आली असणार. आणि याच काउंटरपलीकडे तिने तो लावला तेव्हा पंडित तिच्या हातातल्या बॉडीकडे पाहत होता.

त्याला रडू यावे की हसू यावे ते कळेना. पण तेवढ्यात त्याचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीने धरून ठेवले. फोटो धूसर होते, तरी आकार कळत होते. त्याने एका दाबात सलग निघालेल्या एकेका झोताचा पहिला फोटो तेवढा वेगळा काढायला सुरुवात केली, म्हणजे बटण दाबल्यावर उमटलेली अगदी पहिली फ्रेम. सुरय पक्ष्याची चोच पाण्याला टेकते तो क्षण. दोन बदकांच्या छात्या एकमेकींवर आदळतात तो क्षण. बगळ्याच्या चोचीतून मासा सुटतो आणि अजून पडलेला नसतो तो क्षण. आणि शुक्रवारची ती जोडी: दोन धुकट रेषा, पाण्यातून पूर्ण उठलेल्या, अजून एकमेकींना न टेकलेल्या. पुढच्या फ्रेममध्ये टेकलेल्या. आधी नाही, नंतर नाही. झोत दोनशेच्या वर होते आणि चुकलेले एका हाताच्या बोटांवर मोजता आले. सेकंदाला तीस काढणारे ते यंत्र पहिल्या फ्रेमनंतर जे काढत होते, तो नुसता पालापाचोळा होता. जे घ्यायचे ते तिने पहिल्याच दाबात घेतले होते.

दुकान बंद होईपर्यंत पंडित त्या धूसर फोटोंसमोर बसून राहिला. इतके सुंदर काही त्याने पूर्वी पाहिले नव्हते, आणि हे सुंदर आहे असे सांगितले तर कोणाचा विश्वास बसला नसता.

रविवारी सकाळी त्याने मालकांना फोन केला. “लेन्स आजच्या दिवस नेतो.”

“गिऱ्हाईक उद्या यायचंय, पंडित.”

“हो. उद्या बघू.”

अकरा वर्षांत त्याने ‘नेऊ का?’ असे न विचारता ‘नेतो’ असे पहिल्यांदाच म्हटले होते. मालक म्हणाले, “जपून ने.”

त्याने नवी बॉडी घेतली, ती जड वापरलेलीही घेतली, आणि आत्याचे घर गाठले. दार आतोबांनी उघडले. आत्या जेवणाच्या टेबलाशी बसून जुने अंक फाइलीला लावत होती. कामाशी काही देणेघेणे नसलेल्या माणसासारखी, फार नीटनेटकेपणाने.

“लेन्स परत का आणलीस? खपत नाही?” तिने चिठ्ठी उलटून वाचली. “‘वापरलेली, स्थिती उत्तम.’ अहो, बघा. माझ्याबद्दल इतकं चांगलं तुम्ही चाळीस वर्षांत बोलला नाहीत.”

“आत्या,” पंडित म्हणाला आणि अडला. आदरणीय माणसाला हे कसे सांगतात, ते कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नव्हते. “आत्या, तुझं नाक.”

“काय झालं माझ्या नाकाला?”

“ते… फोकस करतंय.”

मग पंडितने बॉडी तिच्यासमोर ठेवली आणि तुटक तुटक सगळे सांगितले. पडदा, डाग, चौकोन, डावा डोळा. त्याने डाग पुसला नव्हता; तो दाखवला. आतोबा चष्मा वर करून वाकले, दातांचा एक्स-रे पाहावा तसे बराच वेळ पाहत राहिले, आणि एकाएकी त्यांचे खांदे हलू लागले.

“जन्मभर दुसऱ्यांच्या भानगडीत खुपसलंस,” ते डोळे पुसत म्हणाले, “आता कॅमेऱ्याच्याही!”

“हसा. तुमच्या नाकावर तर माशी बसत नाही,” आत्या म्हणाली, पण तिचा हात नकळत आपल्या नाकाकडे गेला होता. ते घराण्याचे नाक. सरळ, लांब, शेंड्याशी किंचित वाकलेले. पंडितलाही तेच मिळाले होते. “म्हणजे तीन आठवडे मी नाकाने फोटो काढत होते?”

“त्यात तुझी चूक नाही. ती सोय मी चालू केली होती. अंगठ्याला सोपं जावं म्हणून. तुला न विचारता.” तो थांबला. “तू कोणता डोळा लावतेस हेसुद्धा मी पाहिलं नव्हतं. सगळे आकडे पाहिले. तुला पाहिलं नाही.”

शेंडा लाल झालेल्या त्या नाकावरून आत्याची नजर थेट त्याच्यावर आली होती, आणि या वेळी पंडितने ती चुकवली नाही. तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरासा बारीक होता, आणि त्याच्या कडेला सुरकुत्यांचा दाट पंखा होता. उजव्याच्या कडेला तो विरळ होता. अठ्ठावीस वर्षे तो डोळा बारीक करून कॅमेऱ्याला लावल्याची ती खूण इतकी उघड होती, की कोणाही परक्याला दिसली असती.

त्याने खिशातून कागदाची पट्टी काढली. त्याने काल छापून घेतलेल्या, एकाखाली एक लावलेल्या चाळीस पहिल्या फ्रेमा. “आणि हे बघ.”

“हे तर बिघडलेले.”

“फोकस नको बघूस. वेळ बघ.”

आत्याने पट्टी खिडकीपाशी नेली. ती वरून खाली पाहत गेली, मग पुन्हा वरून. सुरय, बदके, मासा. शुक्रवारच्या जोडीवर तिचे बोट थांबले.

“हा पहिला दाब आहे?”

“सगळे पहिलेच आहेत.”

ती म्हणाली, “हात आहे म्हणायचा जागेवर.” आवाज नेहमीचाच होता, फक्त ते वाक्य ती खिडकीला उद्देशून बोलली. आतोबांनी उठून तिपाई कोपऱ्यातून बाहेर काढली. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

तळ्यावर पोहोचेपर्यंत ऊन वर आले होते. बोरूंच्या काठी लाकडी फळ्यांचा एक आडोसा होता. त्यात बाक आणि डोळ्यांच्या उंचीवर एक लांबट खिडकी. पंडितने दोन्ही बॉड्या बाकावर ठेवल्या. जड बॉडीत पडदा स्पर्शाने चालत नव्हता, तिथे नाकाचे काही चालणार नव्हते. नवीतली ती सोय त्याने आत्याच्या देखत बंद केली, आणि मेनूत ती कुठे असते हे तिच्याकडूनच दोनदा करवून घेतले.

“आधी तू ठरवून नेली होतीस,” तो म्हणाला, “म्हणजे मीच ठरवून दिली होती. आता तू सांग.”

आत्याने नवी उचलली. “बघू. आता आम्ही दोघी एकमेकींना ओळखतो.”

पंडित तिच्या डाव्या हाताला बसला, आणि तळे सोडून तिच्याकडे पाहत राहिला. तिने डावा डोळा लावला. नाक पडद्यावर चपटे झाले, पण आता ते निरुपद्रवी होते. उजवा डोळा तिने पूर्ण मिटला नव्हता; त्याच्या फटीतून ती चौकटीबाहेरचे तळे पाहत होती, काय येते आहे ते, येण्याआधी. श्वास संथ होत होत इतका खाली गेला, की खांदे हलेनासे झाले. बोट बटणावर होते आणि तरीही त्यावर नव्हते. पाण्यावर पान असावे तसे. एक सुरय उंचावर स्थिर झाला. पंडितने सुरयाला पाहिले नाही, आत्याच्या बोटाचे पेर किंचित पांढरे होताना पाहिले. मग पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. पेर आधी पांढरे झाले होते. आवाज नंतर आला होता.

तिने कॅमेरा त्याच्याकडे सरकवला. चोच, पाण्याचा पहिला फुटका मुकुट, आणि पाऱ्याच्या थेंबासारखा स्पष्ट काळा डोळा.

“बरा आहे,” आत्या म्हणाली.

तासाभराने जोडी आली. तुरे फुललेले, माना उंच. त्यांनी समोरासमोर येऊन डोकी हलवली, एकापाठोपाठ बुडी मारली, चोचीत गवत घेऊन वर आली. आतोबांनी नाक चिमटीत धरले. दोन्ही पक्षी एकमेकांकडे सरकले, छात्या पाण्यातून वर येऊ लागल्या. आत्याचे बोट हलले नाही. पुढच्याच क्षणी मादीने गवत टाकून दिले, मान वळवली, आणि दोघे दोन वाटांनी पोहत निघून गेले.

“दाबलं का नाहीस?” पंडित कुजबुजला. “उठणार होती!”

“नव्हती उठणार. तिची मान बघितली नाहीस? मघापासून कलती होती. नुसतं मन राखत होती त्याचं.” तिने कॅमेरा मांडीवर ठेवला. “अंडी घातली असतील आता. संपलं या वर्षीचं.”

सेकंदाला तीस काढणारे ते यंत्र तिच्या मांडीवर गप्प होते, एकही फ्रेम न घेता. पंडितला वाटले, अकरा वर्षे आपण लोकांना बॉड्या दाखवत आलो. ही न दाबण्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची असते?

ऊन कडक झाले तेव्हा त्यांनी सामान आवरले. आतोबा तिपाई मिटत होते. पंडितने नवी बॉडी पिशवीत ठेवायला हात पुढे केला, तर आत्याने ती स्वत:च्या गळ्यात अडकवली.

“ते दुसरं धूड तेवढं परत ने,” ती म्हणाली. “आणि पुढच्या वर्षी दोन आठवडे आधी यायला हवं. पाणी गार असतानाच सुरू होतं यांचं. आडोसाही जरा उजवीकडे हवा, सकाळचं ऊन तिकडून येतं.”

पंडित ऐकत राहिला. ती आणखी काही सांगत होती, बाक ठेंगणा आहे, फळीला खिळा वर आलाय; त्याला मात्र ‘पुढच्या वर्षी’ हे दोन शब्द तेवढे ऐकू आले होते.

“लेन्सच्या त्या गिऱ्हाइकाला काय सांगणार आहेस?” आतोबांनी विचारले.

“सांगेन, मालकीण वापरतेय.”

“वापरलेली म्हणून लिहिलंय ना चिठ्ठीवर?”

“अहो, चला,” आत्या म्हणाली आणि पायवाटेला लागली. कॅमेरा तिच्या छातीशी हलकेच आपटत होता, आणि चालता चालता ती उजव्या हाताने तो थोपवत होती.